दावा, पट्टा आणि दप्तर: सामूहिक वनहक्काचं काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

जंगलाचं सरकारी धोरण एखाद्या गावाला मानवतंय की नाही हे बघायचं असेल, तर फेब्रुवारीत त्या गावात जा आणि कुलूप लागलेली घरं मोजा. गडचिरोलीत धान कापून झालं की माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. लेकरंही सोबत जातात, शाळेचा पट रिकामा होतो. काही गावांत मात्र या दिवसांत घरं उघडी असतात, कारण बांबूची तोड सुरू असते आणि तेंदूच्या झुडपांच्या छाटणीची बोलणी चाललेली असतात. दोन्ही गावांना जंगल तेच असतं. फरक एवढाच की त्या जंगलाचा हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो.

हा लेख ग्रामसभेचे नवे सचिव, वनहक्क समितीत नुकतेच आलेले लोक आणि संस्थेत पहिलंच वर्ष काढणारी पोरंपोरी यांच्यासाठी आहे. उदाहरणं बहुतेक गडचिरोलीची, कारण माझी पायपीट तिथलीच. पण वनहक्क कायदा देशभराचा आहे. नाशिक, पालघर, यवतमाळ किंवा नंदुरबारच्या गावातही पायऱ्या याच आहेत.

आधी थोडा मागचा धागा

इंग्रजांच्या १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या वन कायद्याने जंगल 'राखीव' आणि 'संरक्षित' अशा खणांत टाकलं. पूर्व विदर्भात बरीच जंगलं जमीनदार-मालगुजारांकडे होती. १९५० नंतर मालगुजारी गेली, जंगल सरकारकडे आलं आणि गावाकडे उरला तो निस्तार, म्हणजे घरापुरतं लाकूड, चराई, काटेकुटे, गवत. तोही हक्क म्हणून नाही, सवलत म्हणून. सवलत देणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. फाट्याची मोळी आणणाऱ्या बाईला कोंबडी देऊन सुटावं लागायचं, हे आजही म्हाताऱ्या बाया हसत सांगतात. हसू ऐकून फसू नका.

१९९० नंतर संयुक्त वनव्यवस्थापन आलं. गावाने राखण करायची, उत्पन्नातला वाटा घ्यायचा, समितीचा सचिव मात्र वन खात्याचा माणूस. काही गावांनी त्यातही चांगलं काम केलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा म्हटलं की हे हक्क नव्याने देत नाही, होतेच, ते मान्य करतो. कायद्याच्या नावातच 'वनहक्कांची मान्यता' आहे. हा शब्द पाठ करा, कारण कार्यालयात कोणी ना कोणी तुम्हाला 'सरकार गावाला जंगल देतंय का?' असं विचारेल.

पायरी १: आपल्याला नेमकं काय मागायचं आहे?

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. या कायद्यात दाव्याच्या अर्जाचे तीन नमुने आहेत. नमुना 'अ' एकेका कुटुंबाच्या कसत्या जमिनीसाठी. तिथे १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर ही अट. नमुना 'ब' निस्तार, मासेमारी, चराई, गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं बाकीचं) अशा सामुदायिक हक्कांसाठी. आणि नमुना 'क' सामूहिक वनसंपत्तीसाठी, म्हणजे गावाच्या परंपरागत हद्दीतलं अख्खं जंगल राखणं, वाढवणं, सांभाळणं आणि त्याचं व्यवस्थापन करणं. कायद्याचं कलम ३(१)(झ) ते हेच.

बऱ्याच गावांत 'अ' चे दावे उत्साहाने भरले गेले आणि 'क' राहूनच गेला. माणूस आपल्या बांधापुरता विचार आधी करतो, त्यात नवल नाही. पण मोहफूल, तेंदू, बांबू, पाणी, चराई हे सगळं 'क' मध्ये आहे. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्याचंही पोट त्यात आहे. मला विचाराल तर गावात एकाच कामाची ताकद असेल, तर ते 'क' चं करा.

काय मिळत नाही, तेही पहिल्याच दिवशी सांगा. इमारती लाकूड तोडून विकण्याचा हक्क यात नाही. शिकार यात नाही. जंगल विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. हे स्पष्ट न सांगितल्याने एका गावात आमच्याच सभेनंतर चार सागवान आडवे झाले होते आणि पुढचे सहा महिने आम्हाला तेच निस्तरावं लागलं.

आणि 'ग्रामवन' या शब्दापासून जरा सावध राहा. २०१४ साली राज्याने ग्रामवनांचे वेगळे नियम केले, ते १९२७ च्या कायद्याखालचे. तिथे व्यवस्थापन गावाकडे सोपवलं जातं, म्हणजे सोपवणारा वर बसलेला असतो. त्या नियमांवर तेव्हा बराच वाद झाला. वनहक्क कायद्यात गावाचा हक्कच मान्य होतो. ठराव लिहिताना दोन्ही शब्द एकत्र आले, तर पुढे दोन्हींचा घोळ होतो.

पायरी २: ग्रामसभा म्हणजे कोणाची सभा?

ग्रामपंचायतीची नाही, गावाची. अनुसूचित क्षेत्रात टोला, पाडासुद्धा आपली ग्रामसभा घेऊ शकतो. पाच गावांची मिळून एक ग्रामपंचायत असेल, तर पाच ग्रामसभा आणि पाच दावे. हे पटवायला वेळ लागतो, कारण सरपंचाला वाटतं आपल्या हातातलं काही चाललं.

२०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या निम्म्याहून कमी सभासद हजर असून चालत नाही आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. सभेत दाव्यांवर ठराव होणार असेल, तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधीही हवेत. माझी पहिली चूक इथलीच. ठरावात मी झोकात लिहिलं, 'एकूण उपस्थिती १३२'. त्यात बाया किती, ते लिहिलंच नाही. होत्या साठच्या वर, पण कागद बोलला नाही. प्रकरण परत आलं, पावसाळा मध्ये पडला आणि गावाचं अख्खं वर्ष गेलं. तेव्हापासून सह्यांच्या पानावर आम्ही दोन रकाने करतो, अंगठे त्या-त्या रकान्यात घेतो आणि बेरीज त्याच पानाच्या तळाशी लिहितो.

याच सभेत वनहक्क समिती निवडायची. १० ते १५ सभासद, त्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, एक तृतीयांश बाया. जिथे आदिवासी नाहीत तिथेही किमान एक तृतीयांश बाया. निवडताना शिकलेल्यांनाच घेऊ नका. गुराखी घ्या, वैदू घ्या, मासे धरणारा घ्या. जंगलाचा नकाशा त्यांच्या पायात असतो.

सभा केव्हा घ्यावी? मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत सकाळी घेतली तर कुत्रंही येणार नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर घ्या.

पायरी ३: हद्द

सगळ्या कामातला हा सर्वांत सुंदर आणि सर्वांत भांडणाचा भाग. घाई करू नका.

आधी घरात बसून म्हाताऱ्यांकडून गावाच्या सीमा ऐका: कोणता नाला, कोणता डोंगर, देव कुठे बसवलेला, गुरं कुठवर जातात, कोणत्या गावाचे लोक कुठवर मोह वेचायला येतात. मग शेजारच्या सगळ्या गावांना लेखी कळवा आणि त्यांचे चार-चार माणसं सोबत घेऊन हद्द फिरा. जीपीएस असलेला मोबाइल सोबत हवाच, पण तो मागे चालावा, गायता (गावाचा पुजारी) पुढे.

एकदा अशाच फेरीत नाल्याच्या वळणावर दोन गावांची माणसं अडली. आमच्या गावचे म्हणत, नाल्यापलीकडचा बांबू आमचा. तिकडचे म्हणत, नालाच हद्द. अर्धा तास आवाज चढत गेला. मग तिकडच्या गावच्या एका म्हाताऱ्याने काठीने पालापाचोळा बाजूला केला, तर खाली शेंदूर फासलेला, मातीत निम्मा रुतलेला दगड. म्हणाला, "इथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावाचे लोक येत होते ना बापा. तुझा आजा इथं माझ्या बाजूले बसत होता." दगड नाल्याच्या अलीकडे होता. म्हणजे आमच्या गावाचा दावा थोडा मागे आला आणि तरीही कोणी चिडलं नाही. पलीकडच्या बांबूत दोन्ही गावांनी सामायिक निस्तार ठेवायचं तिथेच ठरलं. तो करार दगडाशेजारी बसून वहीच्या पानावर लिहिला, दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. पुढे तालुक्याला हेच पान सगळ्यांत उपयोगी पडलं.

पायरी ४: पुरावे

'पुरावा' म्हटलं की लोक घाबरतात, त्यांना कोर्ट आठवतं. नियम १३ मध्ये एकापेक्षा जास्त पुरावे हवेत इतकंच म्हटलंय आणि यादी ऐसपैस आहे. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद असलेले जुने कागद सोन्यासारखे. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. ते नसले तरी जुनी स्मशानभूमी, देवराई, विहीर, बोडी (लहान तळं), गुरांचा पाणवठा, कंदमुळं खणण्याच्या जागा, वैदूच्या औषधांच्या जागा हे सगळं चालतं. गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हाही पुरावाच, फक्त ते निवेदन दावेदार सोडून दुसऱ्याचं हवं.

कधी कधी उत्तर येतं की उपग्रहाच्या चित्रात गावाचा वापर दिसत नाही. कसा दिसणार? मोह वेचणारी बाई उपग्रहाला दिसत नाही. उपग्रहाचं चित्र बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरता येतं, त्याच्या जागी नाही, असं नियमच सांगतात.

जागेची पडताळणी करताना वन आणि महसूल खात्याला लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. नियम १२ अ नुसार त्यांनी हजर राहून आपल्या शेऱ्यासह सही करायची असते. नाही आले आणि नंतर 'आमच्यासमोर पडताळणी झाली नाही' असा आक्षेप घेतला, तर दावा फेरपडताळणीला परत येतो. दुसऱ्यांदाही आले नाहीत, तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून ती पोच म्हणजे निव्वळ चिठ्ठी समजू नका.

नमुना 'क' ला ग्रामसभेच्या सभासदांची यादी, नकाशा, शेजारच्या गावांची नावं, माहीत असतील तर जंगलाच्या कक्षांचे (वन खात्याने पाडलेल्या भागांचे) क्रमांक आणि पुराव्यांची यादी जोडा. ग्रामसभेत मोठ्याने वाचा. गोंडी किंवा माडिया बोलणारं गाव असेल तर त्या भाषेत सांगा. मग सह्या. मूळ प्रत गावात ठेवा, सत्यप्रती पाठवा. हे उलटं करणारी गावं मी पाहिली आहेत आणि त्यांची हाल-हवाल सांगण्यासारखी नाही.

पायरी ५: तालुका, जिल्हा आणि वाट बघणं

दावा उपविभागीय समितीकडे जातो. उपविभागीय अधिकारी तिचे अध्यक्ष. तिथून जिल्हास्तरीय समितीकडे, जिथे जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात. निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत वर दाद मागता येते. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्रासाठी २०२० मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढून जिल्हास्तरीय समितीच्याही वर विभागीय पातळीवर अपील करण्याची सोय केली. फार जणांना ती ठाऊक नसते.

दावा नाकारायचा तर कारणं सविस्तर आणि लेखी द्यावी लागतात. ठराव अपुरा असेल, तर वरच्या समितीने तो परस्पर बदलायचा नसतो, फेरविचाराला ग्रामसभेकडे पाठवायचा असतो. जंगलातल्या कोणत्या गावाला सामूहिक वनसंपत्तीचा हक्क मिळालेला नाही आणि का, याची नोंद ठेवण्याचं कामही जिल्हा समितीच्या सचिवाचं आहे. हे वाक्य अर्जात लिहून विचारा, भांडायची गरज पडत नाही.

पट्टा, म्हणजे मान्य झालेल्या हक्काचा कागद, हातात आला की त्यावरचं क्षेत्रफळ, कक्ष क्रमांक आणि अटी तिथेच उभ्याने वाचा. फोटो नंतर. मागितलं हजार हेक्टर आणि मिळालं सहाशे, असं होतं. कायद्यात नसलेल्या अटी खाली बारीक अक्षरात असतात, तेही होतं.

पायरी ६: इथून खरं काम सुरू होतं

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला. मर्दा या गावासोबत, देशात पहिल्यांदा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा देणारं हेच ते गाव. गावाचे पुढारी देवाजी तोफा आणि गावासोबत काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतील. पण पट्टा मिळूनही गावाला स्वतःचा बांबू बाहेर काढता येईना, कारण वाहतुकीचा परवाना दुसऱ्याच्या खिशात. अखेर २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पट्टा आणि परवाना-पुस्तक यांच्यामध्ये दीड वर्षाहून जास्त काळ गेला. कागदावर बांबू गौण वनोपज होताच, कायद्याच्या व्याख्येतच तसं लिहिलंय. पण गावाच्या ताटात काही पडलं ते पुस्तक आल्यावर.

२०१२ च्या नियमांत मग स्पष्ट आलं की गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देईल, आणि त्यावर स्वामित्वशुल्क नाही. ही समिती म्हणजे नियम ४(१)(ङ) ची. तिला वनहक्क समिती समजू नका. वनहक्क समितीचं काम दाव्यापुरतं. ही दुसरी समिती जंगल सांभाळते, व्यवस्थापन आराखडा करते, परवाने देते. आणि तिच्या प्रत्येक निर्णयाला ग्रामसभेची मंजुरी लागते.

आराखड्याचं नाव ऐकून गावं सल्लागार शोधायला निघतात. पहिल्या वर्षी चार पानं पुरेत. कुठे काय आहे, कुठे हात लावायचा नाही, कुठून किती काढायचं, राखण कोणी करायची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाचं उदाहरण मी नेहमी देतो. २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या आसपास हक्क मिळाला आणि त्या गावाने बांबूवर भिस्त ठेवून तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. तेंदूसाठी झुडपं छाटतात, आगी लागतात, फळं जातात, हा त्यांचा हिशेब. जंगलाचा काही भाग देवराई म्हणून वेगळा राखला. तेंदूचा रोख पैसा सोडणं सोपं नव्हतं. तुमच्या गावाने तसंच करावं असं मी म्हणत नाही. पण असं ठरवायचा अधिकार गावाचा आहे, हे त्यांनी करून दाखवलं. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने उजाड जंगल राखून सीताफळ मुंबईच्या बाजारापर्यंत नेलं, तोही एक रस्ता.

बांबूची तोड करणार असाल तर मोजके नियम: पावसाळ्यात तोड बंद, कारण तेव्हा वास्ते (बांबूचे नवे कोंब) फुटतात. कोवळा बांबू राखायचा, जून काढायचा. जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेरावर धारदार हत्याराने, खुंट न चिरता. रांझी (बांबूचं बेट) कधीही साफ करायची नाही. मजुरीचे पैसे बांबू मोजल्यावर, वाहून नेल्यावर नाही. शेवटचं वाक्य अनुभवाचं आहे. एका ठेकेदाराने 'माल उचलला की देतो' म्हणत जूनपर्यंत ताणलं, पाऊस आला, बांबू डेपोवर काळा पडला आणि मजूर आमच्या दारात बसले. करारनामा तोंडी होता. चूक त्याची होती तशीच आमचीही.

पायरी ७: तेंदूचे पंधरा दिवस

मे महिन्यात वर्षाचा रोख पैसा इथेच येतो. त्याच पैशातून जूनमध्ये धानाचं बी-खत, पोरांची पुस्तकं, कोणाचं तरी आजारपण. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या, ग्रामसभांना पर्याय असतो: वन खात्यामार्फत विक्री, किंवा स्वतः लिलाव. स्वतः करणार असाल तर एकट्या गावाने करू नका. आजूबाजूच्या दहा-वीस ग्रामसभा एकत्र आल्या की ठेकेदारही सरळ बोलतो. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा उभी केली ती अशाच गरजेतून. मात्र लिलाव जानेवारी-फेब्रुवारीतच उरका. एप्रिल उजाडला की घाई तुमची असते, ठेकेदाराची नाही.

महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पानं आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. दर ठरतो गोणीवर, पण मजुरी घरात येते शेकड्यावर. हा भागाकार प्रत्येक बाईला आला पाहिजे.

फळीवर, म्हणजे तेंदूची पानं मोजून घेण्याच्या जागी, एकदा संध्याकाळी उभे राहा. पहाटे चारला निघालेल्या बाया दुपारभर अंगणात पुडे बांधून पाचच्या सुमाराला डोक्यावर गाठोडं घेऊन येतात. पुडे ओळीने मांडतात, ठेकेदाराचा मुन्शी काठी टेकवत मोजत जातो. शंभरामागे वरचे चार-पाच पुडे 'खराब निघतात' म्हणून घेण्याची खोड जुनी. एका फळीवर मी पाहिलं, मुन्शीने 'साडेतीनशे' म्हटलं आणि चौदा वर्षांची एक पोर शांतपणे म्हणाली, "तीनशे सत्तर. मी आईसंग मांडले." परत मोजले, तीनशे सत्तरच भरले. त्या दिवसापासून त्या फळीवर ग्रामसभेची वही वेगळी आणि मुन्शीची वेगळी, आणि रोज संध्याकाळी दोन्ही वह्या समोरासमोर वाचून जुळवायच्या, असा नियम झाला. त्या वर्षी वरचे पुडे कोणी मागितले नाहीत.

करारनाम्यात काय असावं: आगाऊ रक्कम बँकेत जमा झाल्यावरच तोड. हप्त्यांच्या तारखा. पाऊस, गारपीट, फळीवरची आग याचं नुकसान कोणाचं. वाद झाला तर कुठे बसायचं. माल शेवटचा हप्ता मिळाल्याशिवाय हलणार नाही, परवाना ग्रामसभा देणार आहे ना? मग तीच तुमची चावी. ती आधी देऊन टाकू नका.

पायरी ८: पैसा आला की

ग्रामसभेच्या नावाने बँक खातं, दोन किंवा तीन सह्या, त्यातली एक बाईची. ग्रामसभेचा पॅन काढा. तेंदूपत्ता आणि इतर वनोपज विकताना खरेदीदाराकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर) गोळा करून भरण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते, म्हणजे टॅन (कर गोळा करणाऱ्याचा क्रमांक) हाही लागतो. पहिल्याच वर्षी तालुक्याच्या करसल्लागाराला गाठा. आयकराची नोटीस आल्यावर गाठला तर त्याची फी वाढलेली असते.

पैशाचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवेल. माझं मत विचाराल तर मजुरी आणि बोनस लगेच वाटा, उरलेल्यातला एक भाग जंगलाच्या राखणीसाठी बाजूला काढा आणि गोटुल (गोंड गावातलं सामाईक सभाघर) दुरुस्त करायचा खर्च तिसऱ्या वर्षी करा. पहिल्या पैशातून इमारत बांधणारी गावं दुसऱ्या वर्षी हिशेबावरून भांडताना मी पाहिली आहेत. मेंढ्यासारखं सर्वसहमतीने निर्णय घ्यायचं ठरवलंत तर सभा लांबतात, दोन-दोन रात्री चालतात. पण एकाही घराला 'आम्हाला विचारलं नाही' म्हणायला जागा उरत नाही. आमच्या गावांना ते जमलंच असं नाही. बहुमताने निर्णय घेतलेले आणि नंतर पस्तावलेले ठरावही आमच्या दप्तरात आहेत.

मोह, वणवा आणि वाघ

मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचताना झाडाखालचा पाला जाळतात, फुलं दिसावीत म्हणून. ती आग रात्री रानात शिरते. बंदी घालून ती थांबत नाही. झाडाखाली झाडून घ्यायचं, आळं करून पाला ओढायचा किंवा खाली जाळी बांधायची, आणि हे करणाऱ्या घराला ग्रामसभेने जाळी विकत घेऊन द्यायची. एका हंगामात फरक दिसतो. पुढच्या पावसाळ्यात सात्या (रानातली अळिंबी) आणि रानभाज्या जास्त निघाल्या की बायाच दुसऱ्यांना सांगतात.

वाघाचं भय खरं आहे. एकट्याने पहाटे जायचं नाही, खाली बसून वेचताना एकाने उभं राहायचं, कोणता टापू कोणत्या दिवशी टाळायचा हे वनरक्षकाला विचारून फळ्यावर लिहायचं. वन खात्याशी रोजचं बोलणं इथे कामी येतं. हक्काची भांडणं तालुक्याला होऊ द्या. बीटवरचा गार्ड आणि गावची राखण-टोळी यांनी एकाच चुलीवर चहा घ्यावा. पावती न घेता काही देऊ मात्र नये.

पेटी

ग्रामसभेची एक पत्र्याची पेटी असावी, वाळवी लागू नये म्हणून विटांवर ठेवलेली. तिच्यात काय-काय: पट्ट्याची मूळ प्रत, हद्दीचा नकाशा आणि शेजारगावांचे करार, ठरावांचं पुस्तक, परवान्यांची पुस्तकं आणि त्यांची स्थळप्रत, फळीच्या वह्या, बांबू मोजणीची वही, पासबुक, कार्यालयांच्या पोच, आणि प्रत्येक कागदाचा मोबाइलमधला फोटो कोणाकडे आहे त्याची चिठ्ठी. सचिव बदलला की नव्या सचिवाने ग्रामसभेसमोर एकेक कागद काढून मोजून घ्यायचा, यादीवर सही करायची. आमच्या एका गावात हे झालं नाही. जुना सचिव पोरीच्या लग्नात गुंतला होता, दप्तर त्याच्या माळ्यावर राहिलं आणि पुढच्या तेंदूच्या लिलावात गेल्या वर्षीचा करारनामाच दाखवता आला नाही. आता त्या पेटीला दोन कुलपं आहेत. एक किल्ली सचिवाकडे. दुसरी गावाच्या टोकाच्या घरातल्या एका बाईकडे, जिला वाचता येत नाही, पण कोणता कागद कोणत्या कप्प्यात आहे ते अंधारातही सांगते.